एका डब्याची कैफियत

मराठी माणसाने ज्या खाद्यपदार्थांविषयी चारचौघांत गहिवरून बोलावे, अशा पदार्थांची एक अलिखित यादी आपल्या समाजाने फार पूर्वीच मुक्रर करून ठेवलेली आहे. तीत आजीच्या हातचे थालीपीठ आहे, शेतावरचा हुरडा आहे, माळ्यावर आढीत घातलेला आंबा आहे, आणि सामिष बाजूने फार तर पाट्यावरच्या वाटणाचा मटणरस्सा व ताज्या बांगड्याचे तिखले यांना दुय्यम प्रतीची सनद मिळालेली आहे. या यादीबाहेरच्या एखाद्या पदार्थाची आठवण काढून डोळे पाणावल्याचे कोणी जाहीर केले, तर ऐकणारी मंडळी प्रथम त्याच्या प्रकृतीची आणि मागाहून त्याच्या कुलशीलाची चौकशी करतात. ही जोखीम पुरती ध्यानात घेऊन मी येथे असे नमूद करू इच्छितो की, ज्या अन्नाच्या स्मरणाने माझ्या तोंडाला, बहुतेक दातांनी राजीनामे दिल्यानंतर आजही, पाणी सुटते, ते अन्न विलायती पत्र्याच्या चौकोनी डब्यात कोंबलेले, खारवलेले, गुलाबी रंगाचे आणि स्वतःच्याच चरबीत रुतून बसलेले मांस होय.

आमच्या घरी मासळीला किंवा मटणाला मज्जाव नव्हता, हे आताच सांगून टाकतो, म्हणजे धर्मभ्रष्टतेच्या हृद्य हकिकतीची वाट पाहणाऱ्या वाचकाचा खोळंबा होणार नाही. परंतु मटण म्हणजे वडिलांनी सकाळी खाटकाच्या दुकानी जातीने उभे राहून, मांडीचे की खांद्याचे हा कज्जा तडजोडीने मिटवून आणलेले आणि दुपारी बाराच्या आत ज्याचा रस्सा होतो तेच, अशी मातोश्रींची व्याख्या होती. तिच्यात कालच्या मटणालासुद्धा जागा नव्हती, मग दोन वर्षांपूर्वीच्या कोठून असणार? टिकाऊ सामिष म्हणून घरात सुके बोंबील, सोडे आणि खारा बांगडा एवढ्यांनाच वास्तव्याचा परवाना होता, आणि त्यांचा टिकाऊपणा प्रत्यक्ष सूर्यनारायणाच्या देखरेखीखाली सिद्ध झालेला असल्यामुळे तो निर्दोष मानला जाई. अशा घरातून मी १९४८ साली बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस निघालो, तेव्हा गोमांसाला न शिवण्याचे वचन मातोश्रींनी माझ्याकडून देवासमोर घेतले. वराहमांसाचा उल्लेख त्या वचनात करण्याचे त्यांना सुचले नाही. आणि कायद्याचा होतकरू विद्यार्थी म्हणून ती उणीव त्यांच्या नजरेस आणून देणे हे माझ्या अशिलाच्या, म्हणजे माझ्या स्वतःच्या, हिताचे नव्हते.

या उणिवेचा पहिला लाभ मला बोटीवरच मिळाला. आमच्या टेबलावर वाढपाचे काम पाहणारा गृहस्थ सासष्टीचा होता. मुंबईत असला म्हणजे तो धोबीतलावावर आपल्या गावाच्या कुडीत उतरे. गोव्यातल्या एकेका गावाने आपल्या तारवटी मुलांसाठी मुंबईत थाटलेली ही बिऱ्हाडे म्हणजे एक स्वतंत्र दौलतच होती: माफक भाडे, भिंतीलगत रचलेल्या ट्रंका, संध्याकाळचे तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आणि त्या ट्रंकांतून साऱ्या जगाच्या बंदरांतून आलेले डबे. एके दुपारी बोटीवरच्या थंड फराळात बीटरूट आणि सालादाची पाने यांच्या मधोमध डब्यातील मांसाचा एक फिकट काप आला, तेव्हा मी त्याला काट्याने निरनिराळ्या बाजूंनी डिवचत बसलो आहे हे पाहून हा सद्गृहस्थ माझ्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "खावन पळय, बाब, मागीर उलय." मी खाल्ले आणि काहीच बोललो नाही. माझ्या मौनाचा अर्थ त्याने बरोबर लावला असावा, कारण त्या रात्री तो एक झाकलेली बशी घेऊन आला, जिचा उल्लेख बोटीच्या भोजनपत्रिकेत नव्हता. त्याच मांसाचे बारीक तुकडे कांदा आणि हिरवी मिरची यांच्याबरोबर लालसर परतून, वर व्हिनेगर शिंपडून, पावात भरलेले होते. साहेबाला डबा भरता येतो, तो खाता येत नाही, असा त्याचा अभिप्राय पडला, आणि पुढील काही वर्षांत त्याच्या विरुद्ध जाणारा एकही पुरावा माझ्या हाती आला नाही.

लंडनला पोचल्यावर असे दिसून आले की, युद्ध जिंकून तीन वर्षे लोटली तरी जेत्यांच्या ताटाभोवतीचा वेढा काही उठलेला नव्हता. मांसाचा शिधा तेथे वजनावर नव्हे, तर किमतीवर ठरवीत, ही त्या सरकारची एक नाजूक मुत्सद्देगिरी होती. उत्तम भाग घेणाऱ्याने घासभर खावा आणि कनिष्ठ भाग घेणाऱ्याने दोन घास खावेत, निवड ज्याची त्याने करावी, आणि सरकारला बोल लावू नये. १९४० च्या मार्चमध्ये हा शिधा माणशी दर आठवड्यास १ शिलिंग १० पेन्स इतका ठरला होता. पुढे तो उतरत गेला, आणि १९५१ च्या आरंभी अर्जेंटिनाच्या सरकारशी भावावरून बेबनाव झाल्यामुळे तो ८ पेन्सांवर येऊन टेकला. ८ पेन्सांत येणारा मांसाचा तुकडा मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. त्याला शिजविण्यापेक्षा त्याचे सांत्वन करावे असे वाटे. डब्यांसाठी मात्र निराळे खाते होते. शिधापुस्तकात महिन्याचे ठराविक पॉइंट मिळत, ते डबाबंद जिनसांपैकी आपल्या मर्जीप्रमाणे खर्च करता येत, आणि त्यामुळे साल्मन की मांस, मांस की फळे, या प्रश्नावर लंडनमधील घरोघर जितका खल होई तितका पार्लमेंटात हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यावर झाला होता की नाही, याविषयी मी साशंक आहे.

या पॉइंटांच्या खात्यातून माझा आणि माझ्या खोलीभावाचा व्यवहार सुरू झाला. हे नागपूरकडील एका शास्त्र्यांचे चिरंजीव, कट्टर शाकाहारी, आणि माझ्याप्रमाणेच बॅरिस्टरीचे उमेदवार होते. ज्या सनदेसाठी विद्यार्थ्याने आपल्या 'इन'मध्ये, म्हणजे बॅरिस्टरांच्या संस्थेत, प्रत्येक सत्रात ठराविक संख्येने जेवणे जेवलीच पाहिजेत असा शेकडो वर्षांचा दंडक होता, ती सनद त्यांनी उकडलेला बटाटा आणि कोबी यांच्या बळावर मिळविण्याचा संकल्प सोडला होता. अन्नखात्याच्या कचेरीत जाऊन त्यांनी शाकाहारी म्हणून रीतसर नोंद करविली, मांसाचा शिधा सोडला, आणि त्याबद्दल सरकारातून चीजचा जादा शिधा पदरात पाडून घेतला. त्यांचे पॉइंट मात्र शिल्लक राहत. तेव्हा आम्ही दोघांनी एक करारनामा लिहिला, तो असा की, त्यांच्या पॉइंटांपैकी काही मांसाच्या डब्याकडे वळवावेत, मोबदल्यात माझ्या साखरेतून त्यांना हिस्सा मिळावा, आणि सदरहू मांस तळण्याचे कृत्य खिडकी उघडी असताना व ते फिरावयास गेले असतानाच करावे.

आता हा डबा उघडण्याविषयी. आजच्या पिढीला कडी ओढली की झाकण उघडते. आमच्या काळी डब्यालाच एक लहानशी किल्ली डकवलेली असे, आणि डब्याच्या बगलेतून बाहेर डोकावणारी पत्र्याची जीभ त्या किल्लीच्या नेढ्यात ओवून डब्याभोवती प्रदक्षिणा घालीत पत्र्याची पट्टी गुंडाळत जावयाची, असा शिरस्ता होता. ही प्रदक्षिणा निर्विघ्न पार पडल्याचे मी फारसे पाहिले नाही. पट्टी तिरपी होई आणि अर्ध्या वाटेत तुटे. मग उरलेला डबा सुरी, स्क्रू पिळण्याचे हत्यार आणि सात्त्विक संताप यांच्या साहाय्याने फोडावा लागे. लंडनमधील त्या काळच्या हिंदी विद्यार्थ्यांपैकी कोण स्वतः स्वयंपाक करीत असे आणि कोण नुसत्या थापा मारी, हे त्याच्या तर्जनीवरचा आडवा व्रण पाहून ओळखता येई. झाकण निघाल्यावर डबा बशीवर उपडा करून बुडावर थापट्या मारावयाच्या, आणि श्वास रोखून थांबावयाचे. तोच भातलावणीच्या चिखलातून पाय उपसताना होतो तसा आवाज होऊन तो गुलाबी ठोकळा, डब्याचे सारे कंगोरे अंगावर घेऊन आणि थरथरणाऱ्या पारदर्शक रसाचे पांघरूण लेऊन, एकदम बशीत अवतरे. गॅसच्या मीटरमध्ये शिलिंग टाकल्याखेरीज शेगडी पेटत नसे, आणि तो शिलिंग शोधण्यात जो वेळ जाई, त्यात एक काप कच्चाच संपे.

घरमालकीणबाई याच मांसाचे काप सपिटाच्या पातळ पिठात बुडवून तळीत. असली भजी तेथील शाळांतूनही मुलांना वाढीत असत, आणि ती पिढी त्यांचे नाव काढताच हळवी तरी होते किंवा ताटावरून उठते तरी. बाईंच्या भज्यांत मीठ होते, तेल होते, प्रामाणिकपणा होता. चव येण्यास जे लागते ते नव्हते. सुदैवाने त्याच सुमारास मातोश्रींचे पार्सल आले. माझ्या पत्रातील डब्याचा उल्लेख वाचून त्यांनी तातडीने बेसन, लाल तिखट, गोडा मसाला आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या सात घड्यांत बांधलेले सुके बोंबील रवाना केले होते. बोंबलांची हकिकत थोडक्यात सांगतो: ते भाजावयास घेतल्यावर पाच मिनिटांत बाई वर आल्या, मोरी तुंबल्याचे त्यांनी निदान केले, आणि मी खरा प्रकार सांगितल्यावर त्यांची मुद्रा अशी झाली की, उरलेले बोंबील मी मध्यरात्री टेम्सच्या स्वाधीन करून आलो. पण बेसन राहिले. त्यात तिखट, हळद, ओवा नव्हता म्हणून जिरे, आणि किंचित मोहन घालून मी डब्यातील मांसाची खरपूस भजी तळली, आणि त्या रात्री पूर्व आणि पश्चिम यांच्या मीलनाविषयी थोरामोठ्यांनी जी व्याख्याने दिली आहेत, त्यांतील तथ्य मला प्रथमच समजले.

शास्त्रीपुत्रांचे फिरणे त्यानंतर आखूड होऊ लागले. एकदा तर ते दारातच थबकले आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "वकीलसाहेब, वरचे कवच तेवढे शाकपक्षात धरता येईल काय?" संसर्गदोषाचा मुद्दा मी काढला, त्यावर त्यांनी महाभारताच्या शांतिपर्वातील आपद्धर्माचा दाखला दिला, दुष्काळात विश्वामित्राने श्वानाच्या तंगडीवर हात टाकला होता, आपण तर फक्त बेसन मागत आहोत. एवढ्या बिनतोड युक्तिवादापुढे मी कवचे त्यांच्या हवाली केली. पुढे दोन हिवाळे ते नुसती कवचे खात राहिले, आतल्या मालाला त्यांनी कधीही बोट लावले नाही, आणि सरकारी दप्तरात अखेरपर्यंत शाकाहारीच राहिले. मी मात्र नागडे पडलेले काप पुन्हा पिठात बुडवून तळू लागलो, आणि हा दुबार तळलेला काप मूळच्यापेक्षा सरस लागतो, असा शोध लागला.

या डब्याचा मूळ पुरुष कोण याची चौकशी केली असता मला परम संतोष झाला, कारण तो कोणी शास्त्रज्ञ नसून पेशाने हलवाई होता. निकोला आपेर हे त्याचे नाव. फौजेची रसद टिकविण्याच्या युक्तीबद्दल फ्रेंच सरकारने बक्षीस ठेवले होते. आपेरने मांस, भाज्या, रस्से रुंद तोंडाच्या काचेच्या बाटल्यांत भरून, बुचे घट्ट बसवून, त्या बाटल्या पाण्यात उकळण्याची रीत बसविली, आणि १८१० साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध करण्याच्या अटीवर १२,००० फ्रँक घेतले. असे केल्याने अन्न का टिकते हे त्याला ठाऊक नव्हते. ते सांगावयास पाश्चर यावा लागला, आणि त्याला आणखी अर्धशतक अवकाश होता. पाक किती तारी झाला हे हलवायाला जसे कळते, का झाला हे कळावे लागत नाही, त्यातलाच हा प्रकार. बाटलीऐवजी कल्हईचा पत्रा इंग्रजांनी आणला, आणि १८१३ च्या सुमारास डाँकिन आणि हॉल यांच्या लंडनमधील कारखान्यातील डबाबंद मांस राणीसाहेब आणि राजप्रतिनिधी यांनी चाखून पसंत केल्याचे पत्र राजवाड्यातून गेले. राजघराण्याने डबा कसा उघडला याचा तपशील पत्रात नाही. त्या वेळी छिन्नी आणि हातोडा यांखेरीज दुसरे साधन नव्हते, आणि डबे उघडण्याचे हत्यार निघावयास पुढे चाळीस-एक वर्षे लागली. तेव्हा किल्ली मध्येच तुटल्याबद्दल माझ्या पिढीने फार आरडाओरडा करू नये हे बरे. सर एडवर्ड पॅरीच्या उत्तर ध्रुवप्रदेशातील १८२४ च्या सफरीतील भाजलेल्या वासराचा एक डबा शंभराहून अधिक वर्षांनी उघडला, तेव्हा आतील मांस खाण्याजोगे निघाले. आमच्या मातोश्रींना ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली नाही.

मी ज्याच्यावर लुब्ध झालो त्या गुलाबी मांसाची घराणेशाही मात्र अमेरिकेतली. मिनेसोटातील ऑस्टिन गावच्या हॉर्मेल कंपनीपुढे डुकराच्या खांद्याच्या मांसाला गिऱ्हाईक नाही ही अडचण होती. १९३७ साली तिने ते मांस बारीक करून, मीठ, साखर आणि रंग गुलाबी ठेवणारे सोडियम नायट्राइट घालून डब्यात शिजविले आणि 'स्पॅम' या नावाने विकावयास काढले. या बारशाबद्दल नाव सुचविणाऱ्याला १०० डॉलर मिळाले. चारच वर्षांत युद्धाने त्याला जगभर पोचविले. उक्रेनची काळी जमीन जर्मनांच्या हाती गेल्यावर या डब्यांवाचून आमच्या फौजेला पोसणे कठीण गेले असते, अशी कबुली ख्रुश्चेव्हने आपल्या आठवणींत देऊन ठेवली आहे; भांडवलशाहीविषयी त्याने काढलेला याहून अधिक प्रेमळ उद्गार माझ्या वाचनात नाही. तिकडे ग्रँथममधील एका वाण्याच्या मुलीने १९४३ च्या नाताळात पाहुण्यांसाठी स्पॅमचा डबा फोडून सालाद आणि टोमॅटो यांच्याबरोबर वाढल्याची आठवण जन्मभर जपली. ही मुलगी पुढे मार्गारेट थॅचर या नावाने पंतप्रधान झाली. एका डब्यावर या दोघांचे एकमत व्हावे, यात राजकारणापेक्षा मिठाचा हात मोठा आहे.

परंतु डब्याला खरा सन्मान दिला तो पूर्वेकडील लोकांनी. अमेरिकन फौज जेथे जेथे उतरली तेथे तिने डबे मागे टाकले, आणि जेथे जेथे स्वयंपाकाची अक्कल शाबूत होती तेथे तेथे त्या डब्यांचे सोने झाले. ओकिनावा बेटावर तो चक्क कारल्याबरोबर परततात. कारल्याचे काप, सोयाबीनचे टोफू, अंडे आणि डब्यातील मांसाच्या लांबट फोडी, असा तो पदार्थ असतो. कारले तुपात तळले, साखरेत घोळले तरी कडू ते कडूच, असे सांगून आमच्या पूर्वजांनी जो विषय बंद केला होता, तो या बेटावरच्या गृहिणींनी पुन्हा उघडला आणि निकाल फिरविला. कारल्याचा कडूपणा या मांसाचा खारटपणा तोडतो आणि मांसाची चरबी कारल्याला नमविते. मी स्वतः हा प्रयोग आमच्या गावठी कारल्यावर केलेला आहे. घरातील दुसरे कोणीही जेवले नाही, आणि मला दोघांचा वाटा मिळाला.

हवाईत जपानी वंशाचे लोक सोयाबीनच्या रसात आणि साखरेत परतलेला काप भाताच्या दाबलेल्या विटेवर ठेवतात आणि समुद्रशेवाळाच्या काळ्या पट्टीने बांधून शिदोरी म्हणून नेतात. कोरियात युद्धानंतर उपासमारीच्या दिवसांत लोकांनी अमेरिकन छावण्यांतून बाहेर पडलेले डबे आपल्या आंबवलेल्या कोबीच्या आणि लाल मिरचीच्या कालवणात सोडले. त्या रश्श्याला आजही छावणीचा रस्सा म्हणतात, आणि उइजोंगबू हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. १९५३ साली युद्धकैद्यांच्या राखणीसाठी आपली जी फौज कोरियात गेली, तिचे सेनापती आपले शंकरराव थोरात होते. लाल मिरचीच्या रश्श्यात पोहणारे मांस पाहून त्यांच्या हाताखालील एखाद्या सातारकर जवानाला घर आठवले नसेल, असे मला मुळीच वाटत नाही. हल्ली तर सणासुदीला तेथे आप्तांना डबाबंद मांसाची पेटी, सुबक वेष्टनात बांधून, भेट देतात. दिवाळीला सुक्या मेव्याचा तोच तो खोका इकडून तिकडे फिरविणाऱ्या आपल्या समाजाने यावर अवश्य विचार करावा.

मुंबईस परतल्यावर माझे हाल झाले. आयातीवर निर्बंध होते. क्रॉफर्ड मार्केटातील एखाद्या दुकानी मागल्या फळीवरून, इकडेतिकडे पाहून, एखादा डबा निघे, आणि त्याची किंमत ऐकून आधी खुर्ची मागावी लागे. अशात फौजेत असलेल्या एका चुलतभावाने रजेवर येताना मटणाचा डबा आणला. बोकडाचे मांस आहे अशी शपथेवर खात्री पटल्यावर मातोश्रींनी ते स्वतः कांदा-खोबऱ्याच्या वाटणात शिजविले, आणि आम्ही सारे त्यांच्या तोंडाकडे पाहत बसलो. त्यांनी एक तुकडा खाल्ला, मग रश्श्यात पळी फिरवून तळ शोधला, आणि म्हणाल्या, "हाड नाही, नळी नाही, मग चोखायचं काय?" या प्रश्नाला आपेरपासून हॉर्मेलपर्यंत कोणाजवळही उत्तर नाही, हे मी प्रांजळपणे मान्य करतो. डब्याच्या बाजूने माझे एवढेच म्हणणे आहे की, तो नळी असल्याची बतावणी करीत नाही. ताज्या मटणाशी त्याची तुलना करणारे रसिक त्याला विनाकारण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात. त्याचा वाद ताज्या मटणाशी नसून उपाशी रात्रीशी आहे, आणि त्या दाव्यात तो आजवर हरलेला नाही.

आता हे डबे मोठ्या दुकानांतून उघड्यावर मांडलेले असतात. वाचकांपैकी ज्यांना आहाराची वा धर्माची हरकत नसेल, त्यांनी एक आणून पाहावा. डबा आधी थंड करावा, म्हणजे काप सरळ पडतात. काप बोटाच्या निम्म्या जाडीचे असावेत. तवा कोरडाच तापवावा, कारण चरबी काप आपली आपण सोडतात. कडा तपकिरी होईपर्यंत उलथण्याने छळू नये. मग कांदा आणि हिरवी मिरची टाकून पावाबरोबर खावे. वरून मीठ मात्र, कोणी कितीही आग्रह केला तरी, घालू नये.